सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

मुंबईचे वादक चरणजित सिंह यांची १९८२ सालची एलपी. एचएमव्हीने काढलेल्या या तबकडीवर हिंदुस्थानी संगीतातले दहा राग आहेत, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. तबला नाही, तानपुरा नाही, गायकही नाही. सगळे वादन सिंथेसायझरचे आणि खाली डिस्कोचा एकसुरी ठेका. निघाली तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. पुढे जवळजवळ तीन दशकांनी तिची गणना जगातल्या आद्य इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात होऊ लागली.

चरणजित सिंह हे हिंदी चित्रपटसंगीतातले साथीदार. राहुल देव बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांकडे त्यांनी बेस गिटार आणि कीबोर्ड वाजवले. ‘दम मारो दम’मधला ट्रान्झिकॉर्ड (अकॉर्डियनसारखे इलेक्ट्रॉनिक वाद्य) त्यांचाच. १९८०च्या ‘कुर्बानी’पासून हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट होती. तोच ठेका घ्यायचा, पण त्यावर फिल्मी चाल न बसवता राग वाजवायचे, अशी त्यांची कल्पना होती.

त्यासाठी वापरलेली रोलँड या जपानी कंपनीची तिन्ही यंत्रे तेव्हा नवी होती : टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि मुख्य सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. यातले ३०३ विशेष. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवले होते. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा नव्हता, आणि स्वर व लय वेगवेगळे भरावे लागत असल्याने वादक वैतागत. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. त्यात सोळा टप्प्यांचा एक तुकडा भरून ठेवला की तो फिरत राहतो, आणि ‘स्लाइड’ लावल्यास एक स्वर पुढच्या स्वरात घसरतो. एकलतबल्याला लेहरा (पुन्हा पुन्हा फिरणारी एकच सुरावट) धरतात, जवळपास तसेच काम इथे ३०३ करते. रागसंगीतात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलायचे नसतात, त्यामुळे बेस षड्जाभोवती, म्हणजे ‘सा’भोवती, घुटमळत राहिला तरी काही बिघडत नाही.

रागांची निवडही यंत्राला मानवणारी आहे. भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चारही औडव, म्हणजे पाच स्वरांचे राग. पाचच स्वर असल्याने थोड्या वेळात, ठेक्यावर पक्के बसवूनही ते ओळखू येतात. ललतात पंचम (प) वर्ज्य, आणि शुद्ध व तीव्र असे दोन्ही मध्यम (म) लागोपाठ येतात. सिंथेसायझरच्या कोरड्या, टोकदार आवाजात ती जागा विलक्षण परिणामकारक ठरते. तोडीत मात्र मर्यादा उघड्या पडतात. तिचा अतिकोमल, म्हणजे नेहमीच्या कोमलाहून किंचित उतरलेला गंधार कीबोर्डच्या ठरीव पट्ट्यांत सापडत नाही, आणि आंदोलनाशिवाय, म्हणजे स्वर हळुवार झुलवल्याशिवाय, तोडी निम्मीच उरते. यमन, मधुवंती, मेघ मल्हार हेही तबकडीवर आहेत. पहाटेचा ललत आणि पावसाळी मेघ एकाच ठेक्यावर ऐकताना समयचक्र (रागाची ठरलेली वेळ) मानणाऱ्याने नाक मुरडले, तर त्याला दोष देता येणार नाही. विस्तार असा फारसा नाहीच. ही रागाची मांडणी नव्हे, रागाच्या चलनावर बेतलेले नृत्यसंगीत आहे.

एदो बाउमान या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात ही तबकडी मिळाली. त्यांनी मुंबईत चरणजितांना गाठले आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर ती पुन्हा काढली. ऐकणारे चक्रावले, कारण हा आवाज ‘अ‍ॅसिड हाउस’ या ३०३च्या आवाजावर उभ्या असलेल्या नृत्यसंगीताचा होता. त्या प्रकाराची सुरुवात शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने १९८७ मध्ये काढलेल्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’पासून मानतात. साहजिकच हा कोणा युरोपीय संगीतकाराने रचलेला बनाव असावा, अशी शंकाही घेतली गेली.

‘अ‍ॅसिड हाउसचे जनक’ हे बिरुद मात्र जरा सैलपणे दिले जाते. शिकागोच्या मंडळींपर्यंत ही तबकडी पोचल्याचा पुरावा नाही. साम्य आले ते मुख्यतः ३०३मुळे : तिकडे बाजारात पडून स्वस्त झालेल्या यंत्राची बटणे पिळून तो आवाज सापडला, इकडे रागाची मींड (एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणे) साधण्याच्या खटपटीत.

पुनर्प्रकाशनानंतर चरणजितांनी युरोपातल्या महोत्सवांत हेच राग पुन्हा प्रत्यक्ष वाजवले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.