छपरातली खिडकी आणि पाच सेंटिमीटर

माझा भाचा बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी बसून जर्मनीतल्या लाकडी घरांची छपरे संगणकावर आखतो. खिडकीबाहेर पाहिले तर सगळीकडे गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या. उतरते छप्पर पाहायचे तर एखादा जुना वाडा शोधावा लागतो. त्याच्या कामातला बराच वेळ डॉर्मर खातो. डॉर्मर म्हणजे उतरत्या छपरातून बाहेर आलेली उभी खिडकी आणि तिच्यावरचे छोटे छप्पर. पोटमाळ्याला उजेड मिळावा, डोके न आपटता उभे राहता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

"खिडकीचं काही नाही, मामा," तो म्हणतो, "सगळी भानगड पन्हळीत."

मोठ्या छपराचे पाखे, म्हणजे उतरती बाजू, आणि डॉर्मरचे पाखे जिथे आत मिळतात ती ही पन्हळ. दोन्हीकडचे पाणी तिथेच उतरते. सॉफ्टवेअरच्या लेखी पाखे म्हणजे एक सपाट प्रतल, त्याचे एक समीकरण. दोन प्रतले एकमेकांना छेदतात ती सरळ रेषा, तीच पन्हळ. दोन्ही उतार ४५ अंशांचे असतील तर वरून पाहताना ती मोठ्या छपराच्या वाशांशी ४५ अंशांचा कोन करते. तिचा स्वतःचा उतार मात्र सुमारे ३५.३ अंशच भरतो. चढ तेवढाच, पण तिरके गेल्यामुळे आडवे अंतर १.४१ पट होते ना! डॉर्मरचा उतार ३० अंशांवर आणला की पन्हळ वाशांपासून ६० अंशांवर जाते. तिथे येऊन टेकणाऱ्या प्रत्येक वाशाची लांबी वेगळी, आणि त्याचे टोक दोन दिशांनी तिरके कापायचे.

इथपर्यंत शाळेतली भूमिती पुरते. खरी गंमत जाडीची आहे. छपराला वासे, फळ्या, उष्णतारोधक थर, रिपा, कौले असे थर असतात. मग पन्हळ धरायची कुठल्या थराची? समजा वाशांवर २० सेंमीचा थर आला. उभ्या दिशेत मोजला तर ४५ अंशांच्या पाख्यावर तो २८.३ सेंमी भरतो, ३० अंशांच्या पाख्यावर २३.१ सेंमी. फरक ५.२ सेंमी, आणि वरच्या थराची पन्हळ आराखड्यात तेवढीच वळचणीकडे सरकते. उतार आणि जाड्या सारख्या असतील तर हा प्रश्नच येत नाही. वेगळ्या असतील तर संदर्भाचे प्रतल कोणते, हे आधी ठरवावे लागते. माझ्या मते सॉफ्टवेअर शिकवणाऱ्यांनी बटणांच्या आधी हे शिकवावे.

हे कोडे संगणकाच्या कितीतरी आधीचे. फ्रान्समधले सुतार छपराचा छेद जमिनीवर पूर्ण मापात आखत आणि लाकूड त्यावर ठेवून खुणा करत. ती आखणीची परंपरा युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. गास्पार मोंझ या फ्रेंच गणितज्ञाने १८व्या शतकात अशा आखणीला गणिताची शिस्त दिली. भाचा शिकला ती बडोद्यातली अभियांत्रिकी विद्याशाखा सयाजीरावांच्या १८९० च्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेतून वाढलेली. पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्डावर प्रोजेक्शन काढताना तो जे कंटाळत होता, ते मोंझचेच.

आज कॅडवर्क, सेमा, डीट्रिख्स अशा खास सुतारकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉर्मरची रुंदी, पुढच्या भिंतीची उंची, उतार आणि जागा एवढे आकडे भरायचे. डॉर्मर हातभर सरकवला की वासे आपोआप नव्याने कापले जातात. मग प्रत्येक लाकडाची माहिती बीटीएल नावाच्या फाइलमधून यंत्राकडे जाते आणि यंत्र कोन साधून कापते. वक्र छपराचा डॉर्मर असला तर हे सोपेपण संपते, कारण तिथे प्रतलच उरत नाही.

एक गोष्ट मात्र भूमिती सांगत नाही. डॉर्मरसाठी मधले दोन वासे तोडले तर त्यांच्यावरचा भार आडव्या लाकडावर येतो आणि तिथून दोन्ही बाजूंच्या वाशांवर. म्हणून ते वासे बहुधा जोडीने घालतात. पडद्यावर सगळे सांधे अचूक जुळले, तरी त्या जोडीला किती जाडी लागेल याचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो. युरोपात तो युरोकोड ५ या लाकडी बांधकामाच्या मानकाप्रमाणे करतात, आणि त्यात बर्फाचे वजनही धरावे लागते.