टेंडरची वकिली: विमानतळावरचे उपाहारगृह ते नागपूर मेट्रो

अमेरिकेत केंद्र सरकारचे कंत्राट हुकलेली कंपनी गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे हरकत नोंदवते. हरकत मुदतीत गेली तर काम सहसा आपोआप थांबते आणि १०० दिवसांत निर्णय लागतो. भारतात अशी वेगळी यंत्रणा नाही. सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत आले आणि मंजूर न होताच त्या लोकसभेबरोबर संपले. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये स्वतःचे कायदे केले. महाराष्ट्रात मात्र कारभार मुख्यतः शासन निर्णयांवर चालतो आणि डावललेला कंत्राटदार राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट, म्हणजे सरकारी निर्णयाला थेट आव्हान देणारी याचिका, घेऊन उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे उभा राहतो. त्यामुळे आपल्याकडची टेंडरची वकिली निकालांनी घडवली आणि पुढे निकालांनीच तिची वाट अरुंद केली.

सुरुवातीला तर वाटच नव्हती. केरळातल्या सरकारी रुग्णालयाला दूध पुरवण्याच्या ठेक्यावरून सी. के. अच्युतन सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९५९ मध्ये उत्तर मिळाले की ठेका कोणाला द्यायचा हे सरकारने ठरवायचे, त्यात समानतेचा हक्क येत नाही. १९७५ मध्ये इरुशियन इक्विपमेंटच्या निकालाने पहिली फट पाडली: म्हणणे ऐकून न घेता कोणालाही काळ्या यादीत टाकता येणार नाही.

खरे दार उघडले ते मुंबईच्या विमानतळावरच्या एका उपाहारगृहामुळे. जानेवारी १९७७ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने दुसऱ्या दर्जाचे एक रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी निविदा मागवल्या. अट होती, नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलचालक हवा आणि किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. महिन्याला ६,६६६ रुपये ६६ पैसे देऊ करणाऱ्याला काम मिळाले. त्याचा अनुभव मात्र कँटीन चालवण्याचा होता. रमणा दयाराम शेट्टी यांनी स्वतः निविदा भरलीच नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच की ही अट शिथिल होणार हे माहीत असते तर मीही भरली असती. ४ मे १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी हे तत्त्व मान्य केले: सरकारने स्वतः ठरवलेली अट सरकारलाच बांधते आणि ती मनमानीने सोडणे हा अनुच्छेद १४ चा, म्हणजे समानतेच्या हक्काचा, भंग आहे. हाच निकाल पुढच्या प्रत्येक टेंडर पिटिशनचा पाया ठरला.

शेट्टींच्या हाती मात्र काहीच लागले नाही. निविदा स्वीकारल्यानंतर पाच महिन्यांहून अधिक काळाने, नोव्हेंबर १९७७ मध्ये, ते न्यायालयात गेले होते. तोवर समोरच्याने मांडामांडीवर मोठा खर्च केला होता. शिवाय त्यांना दुसऱ्याच कोणीतरी पुढे केले आहे, असेही न्यायालयाला दिसले. तत्त्व जिंकूनही पक्षकार रिकाम्या हाती परततो, हे या क्षेत्रात आजही घडते आणि त्याचे कारण बहुतेक वेळा उशीर हेच असते.

१९९४ च्या टाटा सेल्युलर निकालाने मर्यादा आखली. चार महानगरांतल्या मोबाइल परवान्यांच्या त्या वादात न्यायालय म्हणाले की आम्ही निर्णय तपासत नाही, निर्णय घेण्याची प्रक्रिया तपासतो. जगदीश मंडल प्रकरणापासून दोन प्रश्न पक्के झाले: प्रक्रियेत दुष्ट हेतू किंवा उघड मनमानी आहे का, आणि त्याने लोकहिताला बाधा येते का?

कागदातल्या चुकीकडे बघण्याची दृष्टीही अशीच कडक होत गेली. १९९१ च्या पोद्दार स्टील प्रकरणात बयाणा रक्कम (निविदेबरोबर भरायची अनामत) रोखीने किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने भरायची होती, ती युनियन बँकेच्या चेकने आली. अट दुय्यम आहे, असे म्हणून न्यायालयाने ते चालवून घेतले. २०१६ मध्ये सेंट्रल कोलफिल्ड्सच्या निविदेत बँक गॅरंटी ठरवून दिलेल्या नमुन्यात नव्हती. तिथे बोली बाद करणेच योग्य ठरले. त्याच वर्षी नागपूर मेट्रोच्या वादात, आंतरशहरी वेगवान रेल्वेमार्गाचा अनुभव मेट्रोचा अनुभव धरायचा का, यावर उच्च न्यायालयाने बोली लावणाऱ्या कंपनीच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयात फिरला. ज्याने दस्तऐवज लिहिला त्यालाच त्याचा अर्थ उत्तम कळतो, हे सूत्र तिथून रूढ झाले. आमच्या मते ढिसाळ मसुदा करणाऱ्या कार्यालयांना या सूत्राने गरजेपेक्षा जास्त आडोसा मिळाला आहे.

१ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट अनुतोष अधिनियमातले (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम २०-अ लागू झाले. त्यानुसार पायाभूत प्रकल्पाला विलंब होईल असा मनाईहुकूम दिवाणी दाव्यात देता येत नाही. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालाने हाच विचार रिट याचिकांपर्यंत नेला: सहसा स्थगिती नको, नुकसानभरपाई मागा. पाच-दहा कामांवर पेढी चालवणाऱ्या ठेकेदाराला भरपाईचा दावा म्हणजे काय, हे दिवाणी न्यायालयाच्या तारखा पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून वकिलाचे काम आता न्यायालयाच्या बरेच आधी सुरू होते. अट विशिष्ट कंपनीसाठीच बेतलेली वाटली, तर निविदापूर्व बैठकीतच लेखी आक्षेप द्यावा लागतो, कारण बोली लावून हरल्यावर त्याच अटीविरुद्ध तक्रार सहसा ऐकली जात नाही. तांत्रिक लिफाफा (बोलीतला पात्रतेच्या कागदांचा भाग) उघडून अपात्र ठरवल्याचे पोर्टलवर दिसले, की त्याच दिवशी कारणे लेखी मागायची. कार्यारंभ आदेश निघण्यापूर्वी याचिका दाखल झाली नाही तर शेट्टींसारखी गत होते. याचिकेला निविदा सूचना, प्रत्येक शुद्धिपत्रक, बैठकीतली उत्तरे आणि मूल्यमापन तक्ता लागतो. काम मिळालेल्याला प्रतिवादी करायचे राहिले, तर सुनावणी तिथेच अडते.

मूल्यमापन तक्त्यातला 'शेरा' हा रकाना आम्ही सगळ्यात आधी वाचतो. मोहिंदर सिंग गिल निकालानुसार आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रात घुसडता येत नाहीत. २०२४ मध्ये कोलकात्यातल्या भुयारी मार्गांच्या देखभालीचे टेंडर रद्द केल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मोडला, तो सुबोधकुमार सिंग राठोर यांच्या याचिकेवर. टेंडर मंत्र्यांच्या सांगण्यावरून रद्द झाले होते, हे फाइलवरच्या टिपण्यांतच दिसत होते.