पानिपत पडद्यावर दाखवताना

पानिपतच्या तिसऱ्या लढाईवर कॉलेजात तास झाला की १४ जानेवारी १७६१ ही तारीख मुलांना पाठ होते, विश्वासरावांना गोळी लागली हेही लक्षात राहतं. पण अब्दाली उत्तरेकडून आलेला, मग लढाईच्या वेळी तो मराठ्यांच्या दक्षिणेला कसा, असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

नुसत्या परिच्छेदातून हे कळणं खरंच अवघड आहे. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली मराठ्यांच्या हाती आली. यमुना दुथडी भरून वाहत होती आणि अब्दाली पलीकडे, पूर्वेच्या काठावर होता. ऑक्टोबरमध्ये सदाशिवरावभाऊंनी पश्चिम काठाने उत्तरेला जाऊन कुंजपुरा जिंकलं. त्यांची पाठ वळलेली असताना अब्दालीने खाली बागपतजवळ नदी ओलांडली. भाऊ माघारी फिरून पानिपतला आले, तोवर दिल्लीची वाट अडलेली होती. नकाशावर एक भगवी रेघ वर सरकते आणि निळी रेघ नदी पार करून तिच्या मागे आडवी येते, एवढं पाहिलं तरी पुढच्या अडीच महिन्यांतली उपासमार समजू लागते. इथे नकाशा बागपतला थांबवावा आणि विचारावं, “आता भाऊंनी काय करायला हवं होतं?” नकाशा हलतो म्हणून तास रंगतो हे खरं, पण थांबल्यावरच मुलं विचार करतात.

यामागचं विज्ञान कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक प्रयोगांतून मांडलं आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत दोन वेगळ्या वाटांनी जातं, आणि दोन्ही वाटा अरुंद आहेत. नकाशा डोळ्यांना आणि निवेदन कानांना दिलं, तर भार वाटला जातो. त्याच नकाशाखाली निवेदनातली वाक्यं छापली, की डोळे चित्र सोडून अक्षरांमागे धावतात. आपल्याकडच्या बहुतेक पीपीटी अशाच असतात: स्लाइडभर मजकूर, आणि सर तोच वाचून दाखवतात. त्यापेक्षा खडू-फळा बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी जोखीम मात्र चित्रपटात आहे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी ऐतिहासिक घटनांवरचे अचूक मजकूर वाचले आणि त्याच घटनांवरच्या चित्रपटांचे तुकडे पाहिले. आठवड्याने चाचणी घेतली. दोन्हींत एकच माहिती होती तिथे आठवण चांगलीच सुधारली. चित्रपटाने इतिहास बदलला होता तिथे मात्र अनेकांनी चित्रपटातलं चुकीचंच लिहिलं, आणि ते आपण मजकुरातच वाचलं, अशी काहींची खात्री होती!

‘चित्रपटात चुका असतात, सांभाळून पाहा’ असं मोघम बजावून फारसा फरक पडला नाही. नेमकी कोणती गोष्ट चुकीची आणि खरं काय, हे सांगितलं तेव्हा चुका बऱ्याच घटल्या. म्हणजे वर्गात पाच मिनिटांची क्लिप लावायची तर शिक्षकाने ती आधी साधनांशी ताडून पाहायला हवी: कोण कुठे उभा होता, कुणाच्या तोंडचा संवाद पटकथाकाराचा, कोणता प्रसंग कुठल्याच पत्रात किंवा बखरीत सापडत नाही. मग क्लिप लावताना त्या जागा एकेक करून सांगाव्यात.