बेडकाला चड्डी शिवणारा शास्त्रज्ञ

मूल व्हायला स्त्री आणि पुरुष दोघंही लागतात, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण त्यात पुरुषाचा वाटा नेमका कोणता, हे अडीचशे वर्षांपूर्वी भल्याभल्या विद्वानांनाही सांगता येत नव्हतं. डच संशोधक लेव्हेनहूकने १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यात वळवळणारे शुक्राणू पाहिले होते. तरी बरेच जण त्यांना पोटातल्या जंतांसारखे उपटसुंभ परजीवी समजत. वीर्यातून एक अदृश्य वाफ निघते आणि तीच बीजांडाला जागं करते, असं मानणाराही मोठा वर्ग होता.

या वादाचा निकाल लावायला लाझ्झारो स्पालान्झानी नावाच्या इटालियन धर्मगुरूने बेडूक हाताशी धरले. बेडकात सगळा व्यवहार उघड्यावर चालतो. नर मादीच्या पाठीवर बसून तिला पुढच्या पायांनी घट्ट मिठी मारतो, मादी पाण्यात अंडी सोडते आणि त्याच वेळी नर त्यांवर वीर्य सोडतो. स्पालान्झानीने नरांना मेणकापडाच्या घट्ट चड्ड्या शिवून घातल्या. चड्डी असूनही नर मादीला तितक्याच उत्साहाने बिलगले. माद्यांनी अंडीही घातली, पण त्यांतून एकही पिल्लू निघालं नाही. मग त्याने चड्डीत साठलेले थेंब ताज्या अंड्यांना लावले आणि त्या अंड्यांमध्ये पिल्लं वाढू लागली. म्हणजे वाफेचं काम नव्हतं, अंड्याला वीर्याचा स्पर्शच हवा होता.

पुढे त्याने एका कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडलं आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. आज वंध्यत्वाच्या उपचारात आणि गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनात आपण जे करतो, त्याची सुरुवात इथली. त्याने वीर्य कागदातून गाळूनही पाहिलं. खाली आलेल्या पाण्यात फलनाची ताकद उरली नाही, कागदावर राहिलेल्या गाळात मात्र होती. गाळात होते शुक्राणू! उत्तर समोर असतानाही शुक्राणूंचा फलनाशी संबंध नाही हे आपलं मत त्याने सोडलं नाही. इतका कसलेला प्रयोगकर्ता इथे अडावा याची मला खरंच हळहळ वाटते. शुक्राणू आणि बीजांड यांची केंद्रकं एक होताना १८७६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविगने पाहिली, समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या पारदर्शक अंड्यात.

शुक्राणूला पोहत जावं लागतं, म्हणून त्याला ओल लागतेच. कोरड्यावर तो क्षणात निकामी होतो. प्राणी पाण्यात होते तोवर याची अडचण नव्हती. मासे आजही बहुतेक करून अंडी आणि वीर्य पाण्यातच सोडतात. जमिनीवर आलेल्या प्रत्येक प्राण्याला मात्र ही ओल कुठून आणायची, हा प्रश्न सोडवावा लागला. त्याची किती वेगवेगळी उत्तरं निघू शकतात ते पाहायला आपला सह्याद्री पुरेसा आहे.

सगळ्यात जुनी रीत सोनबेडकाची. पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतात, डबक्यात एका रात्रीत त्यांची झुंबड उडते. एरवी मातकट हिरवा असलेला नर त्या दिवसांत पिवळाधमक होतो आणि गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. मादी हजारो अंडी पाण्यात सोडते. त्यांतली फार थोडी जगतात. इथे भिस्त आकड्यांवर आहे.

रातबेडकाची गोष्ट अगदी वेगळी. या बेडकाचं शास्त्रीय वर्णन १९५५ मध्ये खंडाळ्याच्या नमुन्यांवरून झालं. इंग्रजी नावात तो मुंबईचा असला, तरी राहतो घाटातल्या ओढ्यांवर. पावसाळ्याच्या रात्री नर ओढ्यावर झुकलेल्या पानावर बसून साद घालतो. मादीही आवाज देते. बेडकांच्या जगात माद्या क्वचितच ओरडतात, म्हणून हे विशेष. मादी पानावर आली की नर तिच्या पाठीवर येतो, पण मिठी मारत नाही. त्याचे हात पानावर किंवा फांदीवर टेकलेले असतात. तो तिच्या पाठीवर वीर्य सोडतो आणि सरळ उतरून जातो. अंडी अजून आलेलीच नसतात! तो गेल्यावर मादी अंडी घालते आणि तिच्या पाठीवरून, मागच्या पायांवरून ओघळत आलेल्या वीर्याने ती फळतात. तेवढा वेळ ती जागची हलत नाही. पिल्लं तयार झाली की पानावरून थेट खालच्या ओढ्यात टपकतात.

बेडकांच्या मिलनाच्या सहा पद्धती तोवर शास्त्राला माहीत होत्या. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ही सातवी जाहीर केली. मुंबई-पुण्याची माणसं दर पावसाळ्यात जिथे धबधबे पाहायला जातात, त्याच घाटांतल्या बेडकाचं हे वागणं नाव मिळाल्यानंतर साठ वर्षांनी कळलं.

झुडपी बेडकांनी तर डबकंच वगळलं आहे. पावसाळ्यात कुंपणातून टिक-टिक आवाज येतो तो बहुधा यांचाच. त्यांची अंडी मोजकी, पण प्रत्येकात भरपूर बलक. शेपटीचं पोहणारं पिल्लू त्यांच्यात नसतंच. सगळी वाढ अंड्याच्या आत होते आणि बाहेर येतो तो नखाएवढा पुरा बेडूक. ओल्या पाचोळ्यातली दमट हवा त्यांना पुरते.

बेडकांच्या नात्यातलं देवगांडूळ याच्याही पुढे गेलं. गांडुळासारखा दिसणारा हा बिनपायांचा उभयचर जमिनीखाली राहतो. त्याच्या नराला मादीच्या शरीरात वीर्य सोडण्याचा अवयव असतो. कोकणातल्या एका जातीच्या मादीच्या पोटात वाढणारी पिल्लं सापडली आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. थेट पिल्लाला जन्म देणारा भारतात नोंदलेला हा पहिला उभयचर. तोही कोकणच्या लाल मातीतला, याचा मला फार आनंद आहे.

सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांनी अंड्यावर कवच चढवलं. कवच एकदा चढलं की शुक्राणू आत शिरू शकत नाही. म्हणून फलन त्याआधी, मादीच्या शरीरातच व्हावं लागतं. कवचाच्या आत एक पातळ पडदा असतो आणि त्यात पाणी. गर्भ त्यात तरंगत वाढतो. तोच पडदा आपल्यातही आहे. बाळंतपणात ‘पाणमोट फुटली’ म्हणतात ती हीच. दिवस भरत येतात तेव्हा तिच्यात पाऊण लिटरच्या आसपास पाणी असतं.

माणसात शुक्राणूंना पोहायला ओल पुरवतो तो स्त्रीच्या शरीरातला स्राव. एका वेळी वीस कोटींच्या घरात शुक्राणू निघतात. त्यांतले काही शेच गर्भनलिकेत बीजांडाच्या आसपास पोहोचतात आणि आत शिरतो एकच. बीजांड बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, म्हणून आधीच्या दिवसांतल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो. फळलेलं बीज आठवडाभरात गर्भाशयात येऊन रुजू लागतं आणि एक संप्रेरक तयार करतं.

हे संप्रेरक ओळखायचं काम बरीच वर्षं बेडकांनीच केलं. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून १९३० च्या दशकात एक चाचणी तयार झाली. स्त्रीच्या लघवीचा अंश नखवाल्या आफ्रिकी बेडकाच्या मादीला टोचायचा. स्त्री गरोदर असेल तर ती मादी सकाळपर्यंत अंडी घालते. त्याआधी उंदरांवर चाचणी व्हायची आणि प्रत्येक वेळी त्यांना मारून आत पाहावं लागे. बेडकीला मात्र परत टाकीत सोडून पुन्हा वापरता येई. १९६० च्या दशकापर्यंत जगभरातल्या कितीतरी बायकांना आई होण्याची बातमी एका बेडकीकडून कळली. आज औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी तेच संप्रेरक शोधते.

भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, आणि बेडूक मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. तरी गोव्यात आणि कोकणच्या काही भागांत पावसाळ्याच्या पहिल्या रात्री लोक बॅटरी आणि पोतं घेऊन सोनबेडकांच्या मागे निघतात. गोव्यात त्या मांसाला ‘जंपिंग चिकन’ म्हणतात. नर ओरडून स्वतःची जागा सांगत असतो. मिठीत असलेली जोडी पटकन पळत नाही. पोत्यात जाणाऱ्या मादीच्या पोटात त्या वर्षीची सगळी अंडी असतात, अजून न घातलेली.