सरोवराकाठची धावपट्टी: क्लीव्हलँडच्या वादाची पार्श्वभूमी

रंकाळा टॉवरपासून शालिनी पॅलेसपर्यंतचा काठ तारेच्या कुंपणाने बंद केलाय आणि आत दिवसभरात थोडीफार लहान विमाने चढ-उतार करताहेत, अशी कल्पना करा. कोल्हापुरात ते कुंपण आठवडाभरही टिकायचे नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरात मात्र एरी सरोवराच्या काठावर १९४७ पासून विमानतळ आहे. नाव बर्क लेकफ्रंट. जागा सुमारे २४५ एकर, तीही शहराच्या मध्यवस्तीला अगदी खेटून. तो ठेवायचा की बंद करायचा, हा वाद तिथे अनेक महापौरांनी पाहिला आणि पुढच्याकडे सोपवला. सध्याचे महापौर जस्टिन बिब यांनी तो बंद करण्याच्या बाजूने उघड पाऊल टाकल्याने विषय पुन्हा तापला आहे.

विमानतळाने लोकांचा काठ हिरावला असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे. तो काठ त्याआधीही लोकांच्या हाती फारसा नव्हता. एकोणिसाव्या शतकातच सरोवराच्या कडेने रेल्वेचे रूळ गेले, धक्के आले, मागाहून मोठा रस्ताही आला. गाव वर आणि पाणी खाली, मधे लोखंड. आज जिथे धावपट्टी आहे तिथे तर पूर्वी पाणीच होते. कचरा, राडारोडा आणि बंदरातून उपसलेला गाळ टाकत टाकत सरोवर बुजवले गेले आणि त्यावर सपाट जमीन तयार झाली. या भरावाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

१९४७ मधली हवा लक्षात घेतली तर तो निर्णय वेडेपणाचा वाटत नाही. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. विमान चालवायला शिकलेली हजारो माणसे घरी परतली होती, आणि लवकरच व्यापारी, कारखानदार स्वतःच्या लहान विमानाने कामाला येतील अशी अनेकांची समजूत होती. क्लीव्हलँडला विमानांचे वेड आधीपासूनच होते. तिथला हॉपकिन्स विमानतळ १९२५ चा. १९२९ पासून राष्ट्रीय विमान शर्यती त्याच शहरात गाजल्या. पण हॉपकिन्स मध्यवस्तीपासून लांब. कचेरीपासून चालत जाता येईल असा दुसरा तळ हवा, या विचारातून सरोवराकाठचा तळ उभा राहिला. त्या वेळचे महापौर थॉमस बर्क यांचे नाव त्याला नंतर मिळाले. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख १४ हजारांवर होती आणि ती वाढतच जाणार असे सगळे धरून चालले होते.

ती वाढली नाही. पोलाद आणि मोटारींचे कारखाने आटले, लोक उपनगरांत गेले, आणि २०२० मध्ये शहरात ३ लाख ७२ हजार माणसे उरली. बर्कवरून डेट्रॉइटसारख्या जवळच्या शहरांना लहान विमानांची सेवा काही काळ चालली. १९७० च्या जानेवारीत तिथून डेट्रॉइटला निघालेले एक विमान सरोवरात कोसळून ९ जण गेले. अशा सेवा एकेक करून बंद पडल्या. १९८२ ते २००७ या काळात तर वर्षातले काही दिवस धावपट्टीवर विमानांऐवजी रेसिंगच्या मोटारी पळत. रुंदच रुंद ट्रॅक, त्यामुळे शर्यत मोठी प्रेक्षणीय व्हायची म्हणे. विमानतळ रिकामा असल्याचा याहून बोलका पुरावा मला तरी सुचत नाही. सन २००० नंतर विमानांची ये-जा सुमारे ६० टक्क्यांनी घटली आहे.

मग बंद का होत नाही? कारण अनुदान. अमेरिकेत धावपट्टी, दिवे, सुरक्षा यांसाठी केंद्राचा पैसा एफएए या हवाई वाहतूक यंत्रणेमार्फत येतो. तो घेताना शहर लिहून देते की पुढची साधारण २० वर्षे विमानतळ चालू ठेवू. दर नव्या अनुदानाबरोबर ही मुदत पुन्हा पुढे सरकते. केंद्राच्या पैशातून जमीन घेतली असेल तर त्या जमिनीवरच्या अटींना मुदतच नसते. म्हणजे तळ धड चालवायचा तर अनुदान घ्यायचे, आणि अनुदान घेतले की तळ बंद करायचा रस्ता आणखी लांबतो. नगरपालिकेच्या कारभारात मुरलेल्या माणसाला ही मेख समजावून सांगायची गरज नाही.

ही मेख शिकागोने एका रात्रीत उपटली. मिशिगन सरोवरात भराव टाकून केलेल्या नॉर्दर्ली आयलंडवर १९४८ च्या डिसेंबरात मेग्ज फील्ड सुरू झाले होते. धावपट्टी जेमतेम ३,९०० फूट. तरी हे नाव आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ओळखीचे निघेल, कारण कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर उघडला की वर्षानुवर्षे विमान याच पट्टीवर उभे असायचे. महापौर रिचर्ड एम. डेली यांना तिथे उद्यान हवे होते. १९९६ मध्ये त्यांनी तळ बंद करून पाहिला, राज्य सरकारशी तडजोड होऊन तो पुन्हा उघडावा लागला. अखेर ३० मार्च २००३ च्या रात्री बुलडोझर गेले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून आले. १६ विमाने तिथेच अडकली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची सुरक्षा हे कारण पुढे केले गेले, पण ते फारसे कोणाला पटले नाही. आगाऊ सूचना न दिल्याबद्दल दंड झाला ३३ हजार डॉलर. शिकागोसारख्या शहराला ही रक्कम किरकोळच. अनुदानाच्या पैशांबाबतच्या तडजोडीत शहराने पुढे १० लाख डॉलर परत केले, ते वेगळे. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, असा दंड दिवसाला १० हजार डॉलरपर्यंत वाढवला. डेलींची वाट त्यांच्यामागे बुजवली गेली ती अशी. आज तिथे उद्यान आहे आणि ते छान आहे, पण ज्या रीतीने झाले ती रीत मला मान्य नाही.

टोरांटोत नेमके उलटे घडले. ऑन्टारियो सरोवरातल्या बेटावरचा तिथला तळ १९३९ चा. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोही ओस पडत चालला होता. बेटाला जोडणारा पूल डेव्हिड मिलर महापौर होताच २००३ मध्ये रद्द झाला, तेव्हा आता संपले असेच वाटले असते. २००६ मध्ये पोर्टर ही नवी कंपनी पंख्यांची विमाने घेऊन आली आणि तळ गजबजला. २०१५ मध्ये पाण्याखालून पायी जायचा बोगदाही झाला. बर्कचे समर्थक 'योग्य कंपनी मिळू द्या' असे म्हणतात, त्याला आधार आहे तो इतकाच.

१९३९ हे साल कोल्हापूरलाही जवळचे. छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीचा विमानतळ त्याच साली सुरू केला. पुढे तिथे सेवा आल्या, गेल्या. किंगफिशरची विमाने थांबल्यावर तर अनेक वर्षे नियमित प्रवासी विमानच नव्हते. त्या काळात कोणी नुसती विमाने मोजून निकाल दिला असता तर पट्टीवर प्लॉट पडले असते. २०१८ मध्ये उडान योजनेतून विमाने परतली, १,३७० मीटरची धावपट्टी वाढून १,९३० मीटर झाली, आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले.

म्हणून बर्कही राखा, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याला उजळाईवाडी सोडली तर जवळचा तळ म्हणजे बेळगावचा सांबरा, नाहीतर थेट पुणे. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि मदतीची धावपळ हवाई मार्गानेही करावी लागली. क्लीव्हलँडची तशी अडचण नाही. हॉपकिन्स शहराच्या हद्दीत आहे, लहान विमानांसाठी कायाहोगा काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) वेगळा तळ आहे. विमाने किती येतात यापेक्षा ती दुसरीकडे कुठे जाऊ शकतात, हे आधी पाहायला हवे. समर्थकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे: अवयव प्रत्यारोपणासाठी येणारी विमाने. तिथली मोठी रुग्णालये बर्कपासून जवळ आहेत आणि अशा वेळी मिनिटे मोजली जातात. कामगार दिनाच्या सुट्टीतल्या विमानांच्या कसरतींचाही मुद्दा निघतो, पण वर्षातल्या तीन दिवसांसाठी २४५ एकर अडवून ठेवणे जरा जास्तच.

२०२४ च्या सप्टेंबरात बिब यांच्या प्रशासनाने दोन अभ्यास जाहीर केले. त्यांचा सूर असा की तळ बंद करणे शक्य आहे आणि शहराला ते फायद्याचे ठरेल. २०२५ मध्ये बिब आणि काउंटीचे प्रमुख ख्रिस रोनेन यांनी ओहायोच्या खासदारांकडे मागणी केली की काँग्रेसने कायदा करूनच हा प्रश्न सोडवावा, म्हणजे अनुदानाच्या मुदती संपायची वाट पाहावी लागणार नाही. शेजारच्या स्टेडियममधला ब्राउन्स हा फुटबॉल संघही ब्रुक पार्क या उपनगरात जायला निघाला आहे. त्यामुळे काठाचा बराच मोठा पट्टा एकदम मोकळा होण्याची शक्यता दिसते, आणि चित्रकारांच्या हातून हॉटेलांचे, इमारतींचे रंगीत आराखडे येऊ लागले आहेत.

हे आराखडे पाहताना तो भराव विसरू नये. कचरा आणि गाळ घालून केलेल्या जमिनीवर उंच इमारत उभी करायची तर पाया खूप खोल न्यावा लागतो, खालची माती तपासून प्रसंगी साफ करावी लागते, आणि तो खर्च चित्रात दिसत नाही. सरोवराच्या तळावर ओहायो राज्याचा हक्क आहे, तो जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून. त्यामुळे भराव टाकून केलेली जागा खासगी बांधकामाला द्यायची म्हटली की राज्यालाही विचारावे लागते. उद्यान आणि चालायचा रस्ता यांना यातली सगळ्यात कमी अडचण येते. बिल्डरला मात्र त्यात सगळ्यात कमी मिळते.