मैत्रिणीची साक्ष कुठे कच्ची पडते?

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आई किंवा मैत्रीण साक्षीला उभी राहिली की ‘घरचीच माणसं, त्यांच्या बोलण्याला काय किंमत?’ असं सर्रास ऐकू येतं. हा गैरसमज आहे. केवळ नात्यामुळे साक्षीदार खोटा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच दलीप सिंग खटल्यात स्पष्ट केलं. १९५२ च्या रामेश्वर खटल्यात तर लहान मुलीने काही तासांत आईला सांगितलेली हकिगत मुलीच्या साक्षीला पुष्टी देणारी धरली गेली.

मैत्रिणीने गुन्हा पाहिलेला नसतो. पीडिता किती वाजता आली, कशा अवस्थेत होती, काय म्हणाली, एवढंच मैत्रीण सांगू शकते. म्हणजे साक्षीची सगळी भिस्त आठवणीवर.

आठवण टिकायला चेतापेशींच्या जोडण्यांत नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात. २००० साली नादेर, शाफे आणि लदू या संशोधकांनी उंदरांना आधी आवाजाची भीती शिकवली. मग तो आवाज पुन्हा ऐकवून लगेच अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागात, प्रथिननिर्मिती रोखणारं औषध सोडलं. नंतर भीती बरीच ओसरली. आवाज न ऐकवता औषध दिलं, किंवा ऐकवल्यावर सहा तासांनी दिलं, तर भीती कायम! आठवण जागी झाली की काही काळ पुन्हा मऊ होते आणि नव्याने घट्ट व्हावी लागते. उंदरांवरचा निष्कर्ष माणसांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण माणसांच्या आठवणींतही भेसळ होते. गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जोडीतल्या दोघांना एकाच प्रसंगाचे वेगवेगळे व्हिडिओ दाखवले. आपसात चर्चा केलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी न पाहिलेला तपशील पाहिला म्हणून सांगितला.

आता नाशिकच्या पंचवटीतलं एखादं घर घ्या. पीडिता किती वाजता आली, तर मैत्रिणीला साडेआठ आठवतात, भावाला नऊ. रोज रात्री तोच विषय निघतो आणि दोघंही प्रामाणिकपणे ‘नऊ’ म्हणू लागतात. पुढे सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात उलटतपासणीत शब्दाला शब्द जुळला की आरोपीचा वकील म्हणतो, साक्षीदार पढवलेले आहेत. ब्रेन मॅपिंगने, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी मोजणाऱ्या चाचणीने, यातून सत्य बाहेर काढता येतं, हा निव्वळ गाजावाजा आहे. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग सक्तीने करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालाने ठरवलं आहे.

म्हणून ज्याने त्याने त्याच रात्री, एकट्याने, तारीख-वेळ घालून लिहावं. पीडितेचे शब्द तिच्याच भाषेत, गाळलेल्या जागा न भरता. साक्ष देताना अशी टिपणं पाहायला न्यायालय परवानगी देऊ शकतं, मात्र मग ती विरुद्ध बाजूच्या वकिलालाही दाखवावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नयेत. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ फोन जपावा, छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागतं. पोलिसांपुढचा जबाब वाचून घ्यावा, पण त्यावर सही करायची नसते. त्यात महत्त्वाची गोष्ट राहिली आणि ती पहिल्यांदा कोर्टात सांगितली, तर ती विसंगती ठरू शकते. आणि वेळ आठवत नसेल, तर ‘आठवत नाही’ हेच उत्तर द्यावं. अंदाजाने सांगितलेले नऊ वाजले एखाद्या सीसीटीव्हीने खोटे पाडले, की मैत्रिणीच्या बाकीच्या खऱ्या साक्षीवरही शंका घेतली जाते.