बायपास आणि जीन थेरपी (हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार)

हृदयाच्या किंवा पायाच्या धमनीत चरबीचा थर साचून रक्त अडलं की त्यावर गोळ्या, फुगा-स्टेंट नाहीतर बायपास असे उपचार असतात, आणि गेली तीसेक वर्षं त्यात जीन थेरपीचंही, म्हणजे पेशींमधल्या जीनवर (जनुकांवर) काम करणाऱ्या उपचाराचंही, नाव येतं. नाशिकमध्ये कुणाच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले की घरचे आधी विचारतात, छाती न उघडता भागेल का, आणि हल्ली पुढचा प्रश्न असतो की ते जीनचं इंजेक्शन आलंय म्हणे ते खरं का. बायपासच्या ऐवजी देता येईल असं इंजेक्शन अजून कुठेच नाही.

बायपास म्हणजे ब्लॉकेज काढत नाहीत, त्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट देतात. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला सर्जन रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून ही पद्धत रुळवली, भारतात १९७५ मध्ये चेन्नईत सुरुवात झाली. आता नाशिकमध्येच होते, शालिमारच्या सरकारी संदर्भ सेवा रुग्णालयाचं नाव त्यासाठी घेतलं जातं, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही बायपास बसते, म्हणून पेशंटला घेऊन कसारा घाट उतरायलाच पाहिजे असं राहिलं नाही.

घोट्यापासून वर आतल्या बाजूने शीर सोडवून काढतात, तिच्या बारीक फांद्या बांधतात, सलाईन भरून कुठे गळत नाही ना बघतात, आणि मग ती उलटी करून जोडतात कारण आतल्या झडपा रक्त एकाच दिशेला जाऊ देतात. खरी अडचण इथेच आहे. शिरेला धमनीचा दाब सोसायची सवय नसते, तिची भिंत आतून जाड होत जाते, आणि ठिबकच्या नळीत क्षार बसावेत तशी ती बुजत जाते, दहा वर्षांत अशा साधारण निम्म्या शिरा बंद पडतात. छातीच्या आतली धमनी जोडली तर ती मात्र दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत चालू असते, म्हणून हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला शक्यतो तीच लावतात.

शीर जाड होऊच नये म्हणून मग जीनच्या पातळीवर प्रयत्न झाला. पेशींची वाढ चालू करणाऱ्या प्रथिनाला फसवणारा डीएनएचा छोटा तुकडा बनवला, काढलेली शीर जोडण्याआधी त्या द्रावणात दाबाखाली दहा मिनिटं ठेवायची, बस्स. कल्पना फार सुंदर होती, पण सुमारे ३,००० पेशंटवरच्या प्रिव्हेंट-४ चाचणीचा निकाल २००५ मध्ये आला तेव्हा औषध लावलेल्या आणि न लावलेल्या शिरा जवळपास सारख्याच बंद पडलेल्या होत्या. कमकुवत हृदयाचं आकुंचन सुधारावं म्हणून त्यात सर्का-२ए (स्नायूपेशीतलं कॅल्शियम हाताळणाऱ्या प्रथिनाचं) जीन सोडण्याची क्युपिड-२ चाचणीही २०१५ मध्ये अशीच फसली.

पायाच्या बाबतीत थोडी वेगळी गोष्ट. बिडी-तंबाखूवाल्या तरुण पुरुषांना बर्गर नावाचा आजार होतो, चालताना पायात गोळे येतात, बोटं काळी पडतात आणि शेवटी कापावी लागतात. सिन्नर तर बिडीसाठीच ओळखलं जायचं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात हे माहीत असायलाच हवं. यात धमन्या इतक्या बारीक जागी बुजतात की बायपास जोडायला पुढे जागाच मिळत नाही, म्हणून बॉस्टनला डॉ. जेफ्री आयस्नर यांनी नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात यासाठी व्हीईजीएफ जीन थेट पायाच्या स्नायूत टोचून पाहिलं. याच जीनचं एक औषध रशियात २०११ पासून आहे, जपानने २०१९ मध्ये वेगळ्या जीनच्या औषधाला सशर्त मंजुरी दिली पण कंपनीने २०२४ मध्ये पूर्ण मंजुरीचा अर्ज मागे घेतला. तंबाखू पूर्ण सुटली तर बर्गरमध्ये पाय कापायची वेळ बहुतेकांवर येत नाही, इतका फरक आजवर कुठल्याच जीनने दाखवलेला नाही.

सध्या जमलंय ते यकृतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलायच्या यकृताच्या कामात आड येणारं पीसीएसके९ हे जीन गप्प केलं की वाईट कोलेस्टेरॉल निम्म्यावर येतं, इन्क्लिसिरान हे त्यावरचं इंजेक्शन सुरुवातीच्या डोसनंतर वर्षातून दोनदाच घ्यायचं, युरोपात २०२० मध्ये मंजूर झालं. ते जीन बदलत नाही, त्याचा प्रथिन बनवायचा निरोप तेवढा अडवतं. हेच जीन कायमचं बदलायची पहिली मात्रा २०२२ मध्ये न्यूझीलंडमधल्या पेशंटला दिली गेली, ती चाचणी २०२४ मध्ये यकृताचे रिपोर्ट बिघडल्याने थांबवली आणि त्याच कंपनीने औषध यकृतात नेणारं वेष्टण बदलून पुढची आवृत्ती तपासायला घेतली.